पडझडीचे फोटो

चिखलीच्या सुभद्राबाईला आज कुणी तोंडावर म्हटलं, की बाई, घर तू तुझ्या हातानं घालवलंस, तर ती भांडायला उठत नाही. पूर्वी उठली असती. तिच्या तोंडाला लागायची सरपंचाचीसुद्धा छाती नव्हती. आता ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

घर म्हणजे काही वाडा नव्हे हो. दोन खोल्या, विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. पण ते किसननं बांधलं होतं. किसन तिचा एकुलता एक. जमीन कारखान्यांसाठी गेली आणि पुढं अशाच एका कारखान्यात किसनला नोकरी लागली. कंपनीतल्या सोसायटीचं कर्ज काढून त्यानं भावकीच्या नाकावर टिच्चून घर उभं केलं. कर्ज हवं तर घराचा विमा उतरवा, अशी सोसायटीची अट होती. सुभद्राबाई तेव्हा हसली होती. "आरं, मानसाचा इमा आसतोय. भिताडाचा कसला आलाय इमा?"

मग एके दिवशी शिफ्ट सुटून सायकलवर येताना किसन ट्रकखाली गेला. माणूस गेला आणि भिताड राहिलं.

मागं उरल्या तिघी. सासू, सून रंभा आणि रंभाची चार वर्षांची हिरा. रंभाचा भाऊ सयाजी चाकणकडचा. तेराव्यालाच तो बहिणीला म्हणाला होता, "चल माझ्यासंगं." रंभा म्हणाली, "माझं घर हाय हितं." एवढंच म्हणाली, पण सुभद्राबाईनं ते शब्द गाठीला बांधून ठेवले. घर आहे तोवर सून आहे, आणि सून आहे तोवर नात आहे, हा तिचा साधा हिशेब होता. नातीच्या केसांत तेल घालता घालताच तर तिचा दिवस ढकलला जायचा.

आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात वळवाचं वादळ आलं. मागची भिंत बसली, तिच्याबरोबर पत्रे कोसळले. निम्मे फुटले, काही उडून पार ओढ्यापलीकडं गेले. तिघी समोरच्या अंबूबाईकडं पापड लाटायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. अंबूबाईनं तिच्याच ओसरीत त्यांना पथारी दिली.

दुसऱ्याच दिवशी सयाजी आला. त्यानं पडलेलं घर बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मामी, मिरगापतूर बगतो. तवर डोक्यावर पत्रा आला तर ऱ्हावा म्हनंल. न्हाईतर पोरगी पावसात कुजाया ठेवनार न्हाई मी."

त्याचं काही चुकत होतं का? मुळीच नाही. म्हणून तर सुभद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

अशा वेळी अनंत उभा राहिला. अनंत किसनच्याच कंपनीत टाइम ऑफिसात कारकून, संत तुकाराम नगरात राहणारा. किसनमागं विम्याचा हप्ता त्यानंच न चुकता भरला होता. विम्यात वादळाचंही कलम आहे, हे त्यानं कागद काढून वाचून दाखवलं. अर्ज लिहिला, अंगठा घेतला. पण सगळ्या पट्ट्यात शेडचे पत्रे उडालेले, पाहणीचे साहेब कारखान्यांच्या मागं. त्यांना चिखलीला यायला तीन आठवडे लागणार होते.

"आई, ऐका," अनंत म्हणाला. "ढिगारा आहे तसा राहू द्या. मंगळवारी पिंपरीहून फोटोवाला येईल. मला रजा मिळत नाहीये. साहेबांना दाखवायला घराचे फोटो हवेत, एवढं त्याला सांगा. फोटो निघाले की मग काय ते आवरा."

"कळलं बाबा, कळलं," सुभद्राबाई म्हणाली.

तिला कळलं होतं ते असं. जमीन गेली तेव्हा साहेब लोक वह्या घेऊन शिवारात आले होते. विहीर, झाडं, गोठा, एकेक बघून लिहून घेत होते. शेजारच्या शेतातल्या बबनरावानं आदल्या दिवशी विहिरीचा काठ लिंपला, आंब्याच्या बुंध्यांना चुना लावला, गोठा सारवला, साहेबांना स्वच्छ पाटावर बसवलं. त्याला भाव चांगला लागला. सुभद्राबाईच्या नवऱ्याची विहीर गाळानं भरलेली आणि गोठा मोडका. साहेबानं नाक मुरडलं आणि पडीक म्हणून लिहिलं. तो डाग तिच्या काळजावरून कधी गेला नव्हता. साहेब घर बघायला येतो तेव्हा घर नीट दिसलं पाहिजे. गबाळ्याच्या हातावर कोण काय ठेवतं?

सोमवारी तिनं आळीतल्या बाया गोळा केल्या. रंभा सातवी शिकलेली. ती बिचकत म्हणाली, "आत्या, ढिगारा ऱ्हाऊ द्या म्हनलं हुतं ना भावजींनी?"

"आगं, त्यो बामनाचा पोर. त्याला काय ठावं साहेब कसं आसत्यात? आमी पघितल्यात!"

झालं. सासूपुढं सून किती बोलणार? दिवसभर बायांनी पाट्या भरभरून विटा-पत्र्यांचे तुकडे वाहिले आणि दगडखाणीच्या खड्ड्यात लोटले. दोन पत्रे धड निघाले, ते अंबूबाईच्या गोठ्यावर गेले. तिनं आसरा दिला होता, तिला नको कसं म्हणायचं? पुढची भिंत उभी होती, तिच्यातली चीर सुभद्राबाईनं मातीनं लिंपली आणि वरून चुना फिरवला. अंगण सारवलं, दाराला आंब्याची पानं बांधली. किसन गेल्यापासूनच्या दीड वर्षात तिच्या हातापायांत एवढं बळ आलं नव्हतं.

मंगळवारी फोटोवाला आला. "घराचे फोटो ना?" त्यानं विचारलं.

"व्हय. साहेबांसाठी. चांगलं काढा."

त्या घरात पहिल्यांदाच कॅमेरा येत होता. बोनस झाला की सगळ्यांचा फोटो काढू, असं किसन दर दिवाळीला म्हणायचा, आणि दर दिवाळीला बोनस दुसरीकडं जायचा. त्याचा स्वतःचा फोटो एकच, कंपनीच्या पासावरचा, टिकलीएवढा. सुभद्राबाईनं तो पास स्टुलावर उभा केला. ठेवणीतलं लुगडं नेसली, रंभाला नेसायला लावलं, हिराला फ्रॉक घातला. फोटोवाल्यानं त्यांना दाराशी उभं केलं. वर पत्रे नव्हते, ते आभाळ फोटोत नीट येईना, म्हणून त्यानं चौकटीच्या वरचं सगळं सोडून दिलं. भला माणूस. त्याचं कामच माणसं चांगली दिसावीत हे.

"हलू नका," तो म्हणाला. हिरा तेवढी हलली.

चार फोटो निघाले.

वादळाला तीन आठवडे झाले तेव्हा पाहणीचे साहेब आले. अनंत अर्धी रजा टाकून बरोबर आला होता. अंगणात पाऊल टाकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोटोवाल्यानं पाकीट परस्पर विम्याच्या कचेरीत पोचतं केलं होतं, अनंतनं ते पाहिलंच नव्हतं. सुभद्राबाईनं पाट मांडला, चहा आणला. साहेब बसले नाहीत. वाईट नव्हता हो माणूस. उन्हात दोन खोल्यांभोवती तीनदा फिरला.

"ढिगारा कुठं आहे?"

"खानीत टाकला, साहेब. तुमी येनार म्हनून सगळं सवच्छ केलं."

"पत्रे?"

अंबूबाईनं जीभ चावली.

साहेबांनी पिशवीतून फोटो काढले, पालथे केले. मागं फोटोवाल्याच्या शिक्क्यात तारीख होती. "आजी, वादळ अकरा तारखेचं. हे फोटो सोळाचे. यात भिंत धड, दार धड, चुना ताजा. वर आज पत्रे नाहीत, मागं भिंत नाही, हे मला दिसतंय. पण हे वादळानं गेलं की नंतर कुणी काढलं, हे मी कशावरून लिहू?"

अनंत बोलला, कळवळून बोलला. अख्खी आळी साक्षीला उभी राहिली. साहेब म्हणाले, "मी सगळं लिहितो. पण फोटोपुढं साक्ष टिकत नाही." निघताना ते सुभद्राबाईला म्हणाले, "एवढं सारवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. सुभद्राबाईनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "माजं हात झडलं का न्हाईत गं!" ती ओरडली. रंभानं तिचे हात धरले. सून एका शब्दानं बोलली नाही, आणि सासूला तेच सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मृगाच्या आदल्या दिवशी नकाराचं पत्र आलं. पाकिटात चारही फोटो परत. मृगाला सयाजी टेम्पो घेऊन हजर. त्यानं सुभद्राबाईलाही चल म्हटलं, तोंडदेखलं नव्हे, मनापासून. पण व्याह्यांच्या दारात भाकरी खायला ती कशी जाणार? रंभा पाया पडली. "आत्या, पत्रा झाला की येते मी," म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं, पत्रा कुणी घालणार नव्हतं. हिरा टेम्पोत पुढं बसायला मिळालं म्हणून खुशीत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

रंभानं एक फोटो मागून घेतला. तीन राहिले.

पाऊस लागला. सुभद्राबाई अंबूबाईच्या ओसरीतच राहते. समोर लिंपलेली भिंत भिजते आहे, चुना ओघळून अंगणात येतो आहे. चीर पुन्हा उघडी पडली, साहेबांना हवी होती तशीच.

परवा माहेरगावची एक म्हातारी आली. तिला काही माहीत नव्हतं. "सुभद्रे, इम्याचं काय झालं गं?" तिनं विचारलं.

सुभद्राबाईनं लुगड्याच्या घडीतून फोटो काढला. दाराशी तिघी उभ्या, स्टुलावर किसन, पानांचं तोरण. हिराचा चेहरा तेवढा पुसट.

"तूच पघ," ती म्हणाली. "ह्यात काय पडलंय का?"