चाळिसाव्या भागातला कंपाउंडर

माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. तीत आमच्या टीव्ही मालिकेतल्या प्रत्येक माणसाच्या सवयी आणि खोडी टिपलेल्या असायच्या. मोठ्या डॉक्टरांना चहात साखर चालत नाही. सिस्टरचा भाऊ तिसऱ्या भागात वारला, तेव्हा त्याचं पत्र पुन्हा येता कामा नये. ही कारकुनी मी मन लावून करायचो, कारण जरा चुकलं की देशभरातून पोस्टकार्डं यायची. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला साधा शाळामास्तर. इस्पितळातल्या माणसांची ही गोष्ट मराठीत लिहून मुंबईला पाठवायची आणि तिथं एका गृहस्थानं तिचं हिंदी करायचं, अशी व्यवस्था. सत्त्याऐंशी साल होतं आणि मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

वहीतलं सगळ्यात भरलेलं पान दाजीबा कंपाउंडरचं. त्यासाठी मला डोकं चालवावंच लागलं नाही. माझे वडील आप्पा पेठेतल्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर होते. आप्पा डावखुरे, म्हणून दाजीबा डावखुरा. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर आप्पा पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत, दाजीबाचंही तेच. औषधाच्या बाटलीला आप्पा कागदाची पट्टी चिकटवायचे. कागदाच्या घड्या घालून कडेला कातरी मारायची, उलगडला की सारख्या अंतरावर खाचा. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. दाजीबाचं काम करणाऱ्या नटाला त्यांनी आमच्या सोप्यात बसवून दोन दिवस ती पट्टी कापायला शिकवली होती. "हळू काप. कागुद न्हाय त्यो, पेशंटचा भरवसा हाय," असं ते त्याला म्हणाले. ते वाक्यही मी उचललं आणि पहिल्याच भागात घातलं.

पेठेत त्यांना कुणी आप्पा म्हणेना. पोरंसोरंदेखील "दाजीबा" अशी हाक मारायची आणि म्हातारा खुलायचा. दर आठवड्याला शेजारच्या हंबीररावांच्या घरी इस्त्रीचा कोट घालून टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसायचे. दाजीबा दिसला की मागं वळून सगळ्यांना विचारायचे, "हाय का न्हाय हुबेहूब? मीच की त्यो!" आयुष्यभर खिडकीआड बाटल्या भरलेल्या माणसाला कुणीतरी ओळखत होतं.

तेरा भाग झाले, आणखी तेरा मिळाले, पुन्हा तेरा मिळाले. एकोणचाळिसाव्यानंतर निर्माते स्वतः कोल्हापुरात आले.

"मास्तर, तुमचा कंपाउंडर जसाच्या तसा आहे," ते म्हणाले. "मुदतवाढ हवी तर धक्का द्यायला हवा. त्याला औषधं चोरू द्या."

"तो चोरणार नाही."

"का?"

"तो तसा नाही." मी वही उघडून पान दाखवलं.

ते हसले. "माणूस बदलतो. त्यालाच तर विकास म्हणतात. वहीत लिहून टाका, आजपासून चोर."

तिथंच उठून जायला हवं होतं. चहा संपेपर्यंत वाद घातला आणि घरी येऊन लिहायला बसलो. वाईट याचं वाटतं की मी ते झकास लिहिलं.

बायको चंदना वाचून म्हणाली, "आप्पास्नी आधी सांगा तरी."

"गोष्ट आहे ती. त्यांना कळतं तेवढं," मी म्हणालो.

चाळिसाव्या भागाला खोली गच्च भरली होती. दाजीबानं डाव्या हातानं कातरी धरली, पट्टी कापली. मग अर्धं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून दडवलं, उरलेल्यात पाणी भरलं आणि वरून ती पट्टी शांतपणे चिकटवली. हंबीरराव म्हणाले, "काय दाजीबा, चौतीस वर्सं ह्योच धंदा व्हय?" सगळे हसले. आप्पाही जरासे हसले, पण भाग संपायच्या आत उठून गेले.

चेष्टाच होती ती. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तानाबाईनं नातवाची बाटली उजेडाकडं धरली. "दाजीबा, राग मानू नगा, पर लई पातळ दिसतंय ह्ये." मग कुणी म्हणू लागलं, डॉक्टरांनाच ओतू दे. आप्पांनी यावर तोड काढली. ज्याला शंका येई त्याच्यासमोर ते बाटलीतला घोटभर स्वतः पिऊन दाखवायचे. महिन्याभरात डॉक्टरांनी त्यांना, वय झालं म्हणत, घरी बसवलं.

मी धावपळ केली. सेहेचाळिसाव्या भागात दाजीबा निर्दोष ठरवला. खऱ्या चोराला पकडायला त्यानं ते सोंग केलं होतं. वीस मिनिटांत माणूस धुऊन निघाला, मोठ्या डॉक्टरांनी त्याला हार घातला. पोस्टकार्डांची पोती आली. कट्ट्यावर मात्र हंबीरराव मोठ्यानं म्हणाले, "पोरगं शाणं हाय की! बापाची चोरी सापडली तर कसं निस्तरलं बगा." आणि पेठेला तेच पटलं. दाजीबा कोण, हे पेठेला विचारायची गरजच नव्हती. आप्पांनीच एकोणचाळीस आठवडे सांगितलं होतं.

थंडीत माझी धाकटी राजमती खोकल्यानं बेजार झाली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आप्पा जुन्या दवाखान्यात गेले, आपल्या हातानं औषध बनवून आणलं. घरी बसून पट्टी कापली, चिकटवली. खाचा अगदी सारख्या होत्या. दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता, आप्पांचं पाणी बंद होऊनही.

चंदनानं बाटली घ्यायला हात पुढं केला. तिला औषध पाजायची घाई होती, बाकी काही तिच्या मनात नव्हतं. आप्पांनी मात्र हात मागं घेतला. वाटीत एक डोस ओतला आणि आम्हा दोघांकडं बघत एका घोटात प्यायले.

"बग पोरी," ते चंदनाला म्हणाले, "पाणी न्हाय."