जिताड्याच्या पानाचा जुना पत्ता

मित्रांनो, मी एका वेबपानाचा जुना पत्ता आहे. करावे गावच्या कमळीबाई मासळी विकतात. त्यांची सून रुतिका हिने त्यांच्या वेबसाइटवर ते पान घडवलं. खाडीचा ताजा जिताडा मासा कसा ओळखावा, एवढंच त्यावर लिहिलेलं. माझ्या टोकाला 'एचटीएमएल' असं शेपूट होतं.

लोक मला एकमेकांना पाठवत. रेसिपीवाल्यांनीही मला आपल्या पानांवर जागा दिली. त्यातून माझी पत वाढली आणि इंटरनेटवर कोणीही जिताडा शोधला की सगळ्यांत वर मीच दिसू लागलो. वाचणारे फोन करून मासा सांगत. कमळीबाई त्याचं श्रेय स्वतःच्या हातगुणाला देत. मीही हरकत घेतली नाही.

गटारी तोंडावर आली. गोटीराम होडीवाल्याचा सगळा जिताडा उचलायचा शब्द कमळीबाईंनी देऊन टाकला. नेमका तेव्हाच त्यांच्या मुलाला, दीपेशला, हुरूप आला. पानावरच ऑर्डर घेता यावी म्हणून त्याने साइटवरच्या सगळ्या पत्त्यांची शेपटं बदलून 'पीएचपी' केली. जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यांना सरसकट मुख्य पानावर धाडलं आणि निवांत जेवायला बसला.

जिताड्यासाठी आलेला माणूस तिथे दीपेशचा गॉगलमधला फोटो बघून परत फिरे. शोधयंत्राचा पाहणीवालाही आला. ओळखीच्या जागी जिताडा नाही म्हटल्यावर त्याने माझी पत कापायला घेतली. फोन थंडावला. कमळीबाई तो उचलून बघत, पुन्हा खाली ठेवत. गोटीरामने उद्या जाळं टाकू का विचारलं, तेव्हा फोनकडे बघतच "टाक" म्हणाल्या.

रुतिकाने स्वतः शोधून पाहिलं. आमचं पान पार खाली घसरलेलं.

"जिताडा मागणाऱ्याला तू मुख्य दारात का सोडलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"त्यात काय? गावात आल्यावर आईचं घर कोणी पन दाखवतं."

"गावात दाखवतं रे. इथं दाखवायला कोन बसलंय?"

रुतिकाने एकेक जुना पत्ता त्याच्याच नव्या पत्त्याला जोडला आणि बदल कायमचा आहे, हेही यंत्राला कळवलं. मग वाट पाहणं आलं. यंत्र कोणाच्या गटारीसाठी घाई करत नाही. होडी तर पाण्यात उतरलेली.

आधी आले ते रेसिपीच्या पानांवरून, माझं बोट धरून. मी त्यांना थेट जिताड्यापाशी नेलं. फोन वाजला.

"हाय ना बाय, ताजा हाय," कमळीबाई म्हणाल्या आणि या वेळी फोन खाली ठेवलाच नाही.

गोटीरामची पाटी रिकामी झाली. पहिली जागा मात्र परत मिळाली ती श्रावण लागल्यावर, मासा विचारणारं कोणी नसताना.

आता सगळं सुरळीत आहे, तर हे जुने पत्ते पुसून टाकू या, असं दीपेश परवा म्हणाला. रुतिकाने लॅपटॉपच काढून घेतला.

मित्रांनो, माझ्यामागे आता मजकुराचं एक अक्षरही नाही. तरी आज दुपारी तुर्भ्याहून कोणीतरी मलाच दाबलं आणि नीट पोहोचलं. घर खुशाल बदला. पण जुन्या दारात, पुढची वाट सांगणारं कोणीतरी असू द्या.