कोपरा आणि जप्ती

सकाळी झुंबरबाईने कोपऱ्याकडे चहाची कपबशी सरकवली आणि तोंड फिरवलं. विधवा सुनेचं तोंड सकाळी पाहायचं नसतं, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. झुंबरबाई स्वतः विधवाच. पण तिचा कोपरा केव्हाच संपला होता.

भागाबाईचा चालू होता. नवरा लोटन शिंपी दिवाळीनंतर तापाने गेला, तेव्हापासून ती माजघराच्या कोपऱ्यात बसून होती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषापुढे यायचं नाही, हाताने कमवायचं नाही. शेजारी गोणपाटाने झाकलेली पायमशीन. पाटीवर नाव लोटनचं होतं, गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या मात्र भागाबाईने शिवलेल्या. कोपरा संपला की याच मशिनीवर ती पोट भरणार होती. दुसरं तिच्याजवळ काही नव्हतं.

पारोळ्याकडच्या एका गावात हे १९८७ साली चाललं होतं. गावात टीव्ही आला होता. तो बघायला गोळा होणाऱ्या एकालाही यात काही वावगं दिसत नव्हतं.

ओट्यावर ऊन आलं तेव्हा ग्रामपंचायतीचा वसुली कारकून पंडित दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला. घरपट्टी थकलेली, हातात जप्तीचं वॉरंट. सरपंचाच्या कापूस-जिनिंगची घरपट्टीही कित्येक वर्षं थकली होती. तिथे पंडित चहा प्यायला जात असे.

"घर लोटन शिंप्याच्या नावावर आहे. नोटीस दिली होती," तो म्हणाला.

"कोनले दिधी?" झुंबरबाईने विचारलं.

"तुमच्या भाईदासला. घरातला कर्ता पुरुष आता तोच."

तिचा धाकटा मुलगा भाईदास खाली मान घालून विडी पेटवत होता. नोटीस त्याने कोणाला दाखवलीच नव्हती. त्याची सायकल आणि रेडिओ कालच मित्राच्या घरी पोचले होते. मशीन गेली की भावजय माहेरी जाईल आणि माजघर आपलं होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मन्हाकडे काय शे साहेब?" तो म्हणाला. "भाऊनी मशीन शे, माजघरमा. ती लई जा."

कायद्याने कारकुनाला पुष्कळ दिलं आहे. दिवसाउजेडी घरात शिरावं, भांडीकुंडी उचलावी, लिलावात काढावी. पण अंगावरचे कपडे, अंथरूण आणि कारागिराची हत्यारं यांना त्याने हात लावायचा नाही. बाई असलेल्या खोलीत जाण्याआधी तिला बाहेर पडू द्यायचं. पंडितला हे सगळं पाठ होतं.

"बाईंना बाहेर घ्या, मग आम्ही आत जातो."

"तिले बाहेर येवाले चालत नही," झुंबरबाई म्हणाली. "कोपरामा शे ती."

"मग बसू द्या भिंतीकडे तोंड करून. आम्ही मशीन तेवढी उचलतो."

तेव्हा आतून आवाज आला. कित्येक महिन्यांत गल्लीने तो ऐकला नव्हता.

"मशीन धंदानी शे."

"कोणाच्या धंद्याची?" पंडितने आत न बघताच विचारलं. "शिंपी गेला, बाई. आता ते हत्यार नाही, नुसतं लोखंड आहे. शिवणारा दाखवा, मी हातसुद्धा लावणार नाही."

"वर जाईसन बलाव मंग लोटनले," गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

पंडित निर्धास्त होता. कोपऱ्यातली बाई शिवणारी म्हणून पुढे यायची नाही, हे त्याला माहीत होतं. त्याचं अर्धं काम रूढीने आधीच करून ठेवलं होतं. शिवणारी जिवंत होती आणि गावाच्या लेखी ती नव्हती.

आत गोणपाट खाली पडलं. मग लोखंडाचे पाय भुईवर घासत येऊ लागले. आधी मशीन उंबऱ्यावर आली, तिच्यामागे ती ढकलणारी भागाबाई. मोकळं कपाळ, खांद्यावर फाटलेला पदर.

"भागा, मांगे व्हय," झुंबरबाई हळूच म्हणाली. "आखाजी तरी व्हवू दे."

"आखाजीले काय चलाडू आत्या, नुसता पाय?"

"भाऊनं नाव बुडाडं तू," भाईदास बोलला.

"नाव तुन्हा भाऊनं व्हतं, भाईदास. टाके मन्हा शेतस."

तिने मशीन ओट्यावर ओढली, दोरा ओवला, स्वतःचा फाटका पदर सुईखाली घातला आणि पाय मारला. मशीन कुरकुरली, मग चालली.

"देखी ल्या साहेब. शिवनारी मी शे."

पंडितने माणसांकडे पाहिलं. माणसं मशिनीला हात लावायला तयार नव्हती. मघाशी गर्दीतून लोटनला बोलवायला सांगणारा आता पंडितकडे बघून हसला.

"वर विचारून येतो," पंडित म्हणाला आणि वॉरंट घडी घालून निघून गेला. तो पुन्हा येणार आहे. वॉरंट अजून त्याच्या खिशात आहे.

तो वळणावर दिसेनासा झाला तशी भाईदासने आतून कडी लावली. कोपरा मोडलेल्या बाईला घरात घ्यायचं नाही, असं ठरायला वेळ लागला नाही. झुंबरबाई आत रडत होती, पण कडी तिनेही काढली नाही. थोड्या वेळाने खिडकीतून भागाबाईची गोधडी ओट्यावर येऊन पडली. जे अंथरूण काढायचा अधिकार कारकुनाला नव्हता, ते घरच्यांनी काढलं. त्यांना वॉरंट लागलं नाही.

समोरच्या दारात धुरपदाबाई उभी आहे. काखेत चोळीचा खण आहे, पाय मात्र अजून उंबऱ्याच्या आत. ओट्यावर मशीन चालू आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही पेटीत एखादा खण पडून असेल. तुमचा पाय उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे?