निवडीआधीचं जेवण

द्वारकाने तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसऱ्या हाताने मागच्या दाराचा पोत्याचा पडदा ओढून घेतला. पडद्याआड मल्हार मासे साफ करत बसला होता. बाहेर जीप थांबली होती, आणि उतरणाऱ्यांपैकी एकाचा आवाज त्याने ओळखला होता.

"आये, मी हितं हाय म्हनून सांगू नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "निवडीवाले हायत. इंदापूरचे आबासाहेब हायत त्यांच्यात."

"मग काय झालं? जेवत्याल आन् जात्याल."

"सांगू नको म्हनलं ना."

द्वारकाने पुढची भाकरी थापायला घेतली. सकाळी बारामतीला जिल्ह्याच्या कबड्डी संघाची चाचणी झाली होती. ती खेळून मल्हार दुपारच्या एसटीने भिगवणला परतला, तो घोटा मुरगाळून आणि तोंड मिटून. तिने घोट्याला हळद-चुना लावला तेव्हाच तिला काय ते समजले होते. जिल्ह्याच्या संघात नाव आले नाही तर सोमवारपासून मामाबरोबर एमआयडीसीत डेअरीच्या कामावर जायचे, हे ठरून गेले होते. ठरवले होते तिनेच. मिसरूड फुटलेल्या मुलाने किती दिवस हुतूतू खेळायचे, असे ती नवऱ्याला, गेणूला म्हणाली होती, आणि गेणूने नेहमीप्रमाणे मान डोलावली होती. आज तोही घरी नव्हता. कऱ्हाटीला भावाच्या शेतावर गेला होता. मेंढरे विकून नवरा-बायकोने हायवेला ही खानावळ टाकली, तरी मल्हार खेळायचा तो कऱ्हाटीच्याच मंडळाकडून. त्यामुळे बारामती-इंदापूरकडे त्याला सगळे कऱ्हाटीचा पोरगा म्हणूनच ओळखत.

तिघे आत आले. जीप होती विजयसिंहाची. उसाचा बागायतदार, वय पंचविशीचे, खिशाला पेन आणि पायांत पांढरे बूट. त्याच्यामागून कुंडलिक. हा एमआयडीसीत कामाला होता, पण पाळी कुठलीही असो, कबड्डीचा एक सामना चुकवत नसे. स्वतः त्याने जन्मात एक चढाई केलेली नव्हती. तरी देशाच्या क्रिकेट संघात कोण हवा आणि गावच्या कबड्डी संघात कोण नको, याचे निकाल तो चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या लावी, आणि गंमत अशी की लोक ते मानत. सर्वांत शेवटी आबासाहेब आले. निवड समितीतले सर्वांत जुने खेळाडू. दारात वाकून, चपला काढून, हात-पाय धुऊन ते थेट कोपऱ्यातल्या बाकावर बसले. तोंड पडद्याकडे.

"मरळ हाय का?" त्यांनी हसून विचारले. "कालवन करा झनझनीत. सकाळपासनं चहावर हाय."

"हाय की. आजच आलीय," द्वारका म्हणाली. तिला बरे वाटले. माणूस दिलखुलास दिसत होता.

तिने ताटे वाढली. कालवण, भाकरी, कांदा, लिंबाची फोड. भरलेला तांब्या आबांपुढे ठेवला. कुंडलिकाने पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळायच्या आत बोलायला लागला.

"म्या तर पैल्यांदाच सांगितलं होतं. कऱ्हाटीचा पोरगा ह्या कामाचा न्हाय."

द्वारकाच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. पडद्याआड सुरीचा आवाज थांबला.

"एका चाचणीवरनं काय ठरतंय?" विजयसिंह म्हणाला.

"एका? इंदापूरच्या सामन्यात काय दिवं लावलं त्यानं? गेला की पकडला, गेला की पकडला. आन् आज तर कळसच केला. त्याची बाजू एका गुनानं पुढं. मिनिट राहिलंय. काय करायचं असतंय अशा वक्ताला? मधल्या रेषंजवळ कबड्डी कबड्डी करायचं, टाइम खायाचा, गुमान माघारी यायचं. शेंबडं पोर बी सांगंल. ह्यो शहाना गेला आत. कुनाकडं? तर राज्याकडनं खेळलेल्या गड्याकडं! त्यानं घोटा धरला, बसला खाली. सामना गेला."

द्वारका चुलीपाशी वळली आणि विनाकारण लाकूड आत सारले. तिने मल्हारला खेळताना कधी पाहिले नव्हते. गल्ला सोडून कोण जाणार, आणि बायामाणसांनी त्या गर्दीत उभे राहायचे तरी कुठे? मुलगा घरी येई तो खरचटलेले गुडघे आणि मातीने भरलेली चड्डी घेऊन. विचारले तर "खेळलो" एवढेच सांगे. तो कसा खेळतो हे ती आज प्रथमच ऐकत होती, आणि तेही त्याची सालटी काढणाऱ्याच्या तोंडून. तिला राग येत होता आणि तरी कुंडलिकाने बोलायचे थांबू नये असेही वाटत होते. आत गेला. राज्याकडून खेळलेल्या गड्याकडे गेला. माझा मल्हार.

"भाकरी येऊ द्या वैनी," कुंडलिक म्हणाला.

ती भाकरी घेऊन गेली तेव्हा तिचे लक्ष आबांच्या ताटाकडे गेले. भाकरी जशीच्या तशी. कालवणावर तेलाचा तवंग तसाच. तांब्यालाही त्यांनी हात लावला नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते खाली, जमिनीकडे कुठेतरी बघत होते.

"आबा, जेवा की," विजयसिंह म्हणाला.

"जेवतो. गरम हाय."

"आबा, तुमीच सांगा," कुंडलिक पुढे सरसावला. "आता उद्या बैठक. एक जागा राहिलीय. भीमा हाय, धा वर्सं खेळतोय, कवा दगा दिला न्हाय. त्याला सोडून ह्या कोवळ्या पोराला घेनार का तुमी?"

द्वारकाने कान टवकारले. म्हणजे निवड अजून झालेली नव्हती! एक जागा राहिली होती, आणि ती कुणाची हे इथेच, तिच्या बाकावर, तिची मरळ खात ठरत होते. तिला एकदम त्या ताटाची काळजी वाटू लागली. मीठ जास्त पडले का? मरळ शिळी वाटली का? या माणसाने दोन घास खाल्ले असते तर तिच्या जिवात जीव आला असता.

"घोटा कच्चा हाय त्याचा," आबा म्हणाले.

"तेच म्हनतोय मी!"

"आन् वळताना उजवा खांदा आधी टाकतो. म्हनून सापडतो."

"बघा! म्हंजे भीमाच."

"मी असं म्हनलो न्हाय."

"मग काय म्हनताय?"

आबा काहीच बोलले नाहीत. कुंडलिक हसला. गप्प माणूस आपल्याच बाजूचा, असे धरून चालायची त्याला सवय होती.

"खरं सांगू का?" तो आता खानावळभर ऐकू जाईल असे बोलू लागला. "रगात लागतंय आबा, रगात. ज्याच्या घरात कोन खेळलं न्हाय, त्याला कळ कुठली? बाप मेंढरामागं हिंडलेला, आई कुठं काय करत असंल कुनाला ठाव. पोरगं आज घोटा मुरगाळला म्हनून लंगडत गेलं, तेबी नाटक. हारल्यावर समद्यांचंच पाय मुरगाळतात. आत्ताच सांगतो, दोन वर्सांनी त्याचं नाव कोन काढनार न्हाय."

परातीत भाकरी थापणारा द्वारकाचा हात थांबला. तिने पिठाचे हात पदराला पुसले. पडद्यामागून मल्हारने हळूच "आये" म्हटले, ते तिला ऐकू आले आणि तिने ऐकले नाही. ती सरळ त्यांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"नाटक न्हाय ते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तुमी ज्याला एवढं बोलताय ना, त्यो..."

"बाई!"

आबांनी मान वर केली होती. मघाशी मरळ मागताना हसणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसू नये असा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुमच्या चुलीवर भाकरी करपाय लागलीय. तिचं बघा. आमच्या बोलन्यात पडू नका."

द्वारका जागच्या जागी उभी राहिली. कुंडलिकाने मान फिरवून तव्याकडे बघितले. तव्यावर भाकरी नव्हतीच. इतकी वर्षे हायवेला ट्रकवाल्यांना, दारुड्यांना, फुकट्यांना तिने तोंड दिले होते. स्वतःच्या खानावळीत तिला कुणी असे गप्प केले नव्हते. ती माघारी फिरली. चुलीपुढे बसताना तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते धुरावर घातले. थोरामोठ्यांचे नाव मोठे, मन एवढेएवढेसे, असे ती मनात म्हणाली. अन्नाला हात लावत नाही. बाईमाणसावर खेकसतो. हा माझ्या पोराचे काय भले करणार?

"चला," आबा उठले. "उशीर झाला."

"आवो, पन ताट?"

"भूक मेली."

ते हात न धुताच बाहेर पडले. धुवायला हात खरकटे तरी कुठे होते? कुंडलिक ढेकर देत त्यांच्यामागे गेला. भीमाचे गुण तो अजून गात होता. आबा उत्तर देताना ऐकू आले, ते जीपपाशी उभे राहून.

"कुंडलिक, माघारी यायचं मी त्याला महिन्याभरात शिकवीन. आत जायचं तुझ्या भीमाला धा वर्सांत कोन शिकवू शकलं न्हाय."

कुंडलिक काहीतरी बोलला, पण मध्ये एक टँकर गेला आणि पुढचे काही द्वारकाला कळले नाही. जे ऐकले तेही खरे की भास, याची तिला खात्री वाटेना.

विजयसिंह पैसे द्यायला मागे थांबला होता. पोरगा चांगल्या घरचा, त्याला लाजल्यासारखे झाले होते.

"मावशी, राग मानू नका आबांचा. निवडीच्या दिवसांत ते असंच करत्यात. ज्या घरात खेळाडू हाय त्या घरचं पानीसुद्धा घेत न्हाईत, संघ जाहीर होईस्तोवर. एकदा घेतलं की मंग त्या पोराविषयी बैठकीत तोंड उघडायचं न्हाय, असा त्यांचा नेमच हाय. गेल्या साली सख्ख्या मेव्हन्याच्या घरचं लगीन, त्याचा पोरगा खेळतो म्हनून मांडवात उपाशी बसले. आज येताना भीमाच्या चुलत्याच्या हाटेलात चहा घेऊ म्हनलं, तर जीपमधनं उतरले न्हाईत." तो हसला. "आता हितं कोन खेळाडू हाय? पन उपाशी राहायची सवयच लागली असंल म्हाताऱ्याला. कालवन मात्र एक नंबर होतं."

तो गेला. द्वारकाने वाकून आबांचे ताट उचलले आणि ती तशीच थांबली. आबा बसले होते त्या जागेवरून पोत्याचा पडदा अगदी समोर येत होता. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. त्याच्याखालून मल्हारचे पाय दिसत होते, आणि एका घोट्यावर सुकून तांबडा झालेला हळद-चुना.

तिने ताट परत बाकावर ठेवले. मघाशी ती काय बोलायला निघाली होती, ते आठवून तिच्या अंगावर काटा आला. अजून एक शब्द तिच्या तोंडून गेला असता, आणि आबा पोराच्याच घरी बसले होते असे कुंडलिकाने उद्या गावभर केले असते तर?

पडदा बाजूला झाला. मल्हार लंगडत बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"ऐकलंस ना समदं?" तो म्हणाला. "मामाला निरोप दे. सोमवारी येतो म्हनावं."

"सोमवारी न्हाय."

"का?"

"घोटा बरा होऊ दे आधी. डेअरी कुठं पळून चाललीय?"

"आये, तूच लागली होतीस ना मागं?"

"लागले होते. आता न्हाय लागत."

तिला सगळे सांगून टाकावेसे वाटत होते; ओठांवर आलेले ती मोठ्या कष्टाने आवरत होती. हे बोलायचे नाही, निदान उद्यापर्यंत तरी नाही, एवढे तिला पक्के कळले होते.

मल्हारने वैतागून रस्त्याकडे तोंड फिरवले आणि एकदम म्हणाला, "आये, हे बघ!"

जीप गेलीच नव्हती. वळसा घालून ती रस्त्यापलीकडच्या ढाब्यासमोर उभी होती. कुंडलिक आणि विजयसिंह बॉनेटला टेकून पान खात होते. आत, अगदी दर्शनी बाकावर, आबासाहेब एकटेच जेवायला बसले होते. खाली मान घालून ते भाकरी मोडत होते, कालवणात बुडवत होते, एक घास संपायच्या आत दुसरा उचलत होते. सकाळपासून चहावर असलेला माणूस जेवावा तसे.

"तुझ्या हातचं टाकून तितं जेवतोय म्हातारा," मल्हारच्या आवाजात अपमान मावत नव्हता. "तितलं कालवन म्हंजे नुसतं पानी. एवढं वंगाळ झालं होतं व्हय आपलं?"

एरवी त्या ढाब्यावर गेलेल्या गिऱ्हाइकाला द्वारकाने वर्षभर नावे ठेवली असती. ती दारात येऊन उभी राहिली. आबांनी पोऱ्याला हाक मारून आणखी एक भाकरी मागितलेली तिला दिसली. तिला हसू आले, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"जेवू दे," ती म्हणाली. "पोटभर जेवू दे त्यास्नी."