चिमट्यांचा कोट परदेशी गेला

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, पण मला नुसतं जुना म्हणून मोकळे होऊ नका. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर 'जयंती फोटो स्टुडिओ' आहे. तिथल्या आरशाशेजारच्या खिळ्यावर मी राहतो. रंग निळा, खांदे अजून ताठ, आणि डाव्या कॉलरवर इस्त्रीचा एक चट्टा. हसताय ना, हसा. त्या चट्ट्यासकट मी परदेशी पोहोचलोय आणि तीच हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म लग्नासाठी झाला. स्टुडिओचे मालक गुणाजी मूळचे मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते. गुणाजींचं लग्न ठरलं तेव्हा नाक्यावरच्या बाळ टेलरने मला शिवलं. लग्नाच्या सकाळी घाईघाईत कोणीतरी इस्त्री टेकवून ठेवली आणि हा चट्टा उमटला. गुणाजी मला घालून दिवसभर घामाघूम झाले आणि पुन्हा कधी त्यांनी मला अंगाला लावलं नाही. त्यांच्या बायकोने, जयंतीकाकूंनी, मला कपाटात कुजू दिलं नाही. "दुकानात टांगा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल," असं म्हणून त्यांनी मला या खिळ्यावर आणलं.

आणि मग माझे दिवस आले. आमच्या चढावर सगळ्यांचं ठाम मत होतं की परदेशी नोकरीचा अर्ज करायचा तर फोटो कोटातलाच हवा. असा नियम कुठेही नाही, पण प्रथा पडली ती पडली. वेल्डर आले, सुतार आले, हॉटेलातले आचारी आले. त्यांतले बरेचसे काडीपैलवान, त्यांना मी ढगळ व्हायचो. मग गुणाजी माझ्या पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून बघाल तर साहेब आणि मागून बघाल तर दोरीवरचं धुणं.

त्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या गप्पा ऐकून मी भलताच शहाणा झालो. दुसऱ्या देशात काम करायचं तर नुसतं विमानाचं तिकीट पुरत नाही, बरं का. आधी तिकडच्या मालकाकडून नोकरीचा करार यावा लागतो. मग तुमचं शिक्षण तिकडच्या सरकारला मान्य व्हावं लागतं. काही देशांत तर त्यांची भाषा शिकून परीक्षाही द्यावी लागते. एवढं झाल्यावर कामाच्या व्हिसाचा अर्ज, बोटांचे ठसे आणि फोटो. फिरायच्या व्हिसावर जाऊन गुपचूप काम करायला सांगणारा एजंट भेटला तर गुणाजी फोटो काढायच्या आधीच गिऱ्हाइकाला खाली बसवून चार शब्द सुनावायचे. "कामाचो कागद व्हयो, नायतर घराकडे बरो," असं ते म्हणायचे. माणसं गेली, कमावती झाली, आणि कोट लकी आहे असा माझा बोलबाला झाला.

पण कौतुक काही जन्मभर पुरत नाही, मित्रांनो. गुणाजींचा मुलगा निलेश कॉम्प्युटर शिकून आला. माणूस बनियनवर बसला तरी चालतं, निलेश त्याच्या गळ्याखाली आयता कोट चिकटवायचा. त्या कोटाला ना सुरकुती, ना चट्टा, ना घामाचा वास. गिऱ्हाईक खूश. मी खिळ्यावरच राहिलो, पण माझ्यावर छत्री टांगायला लागले. छत्री काय, एकदा तर फडकंसुद्धा. मला फार लागलं ते, खोटं कशाला सांगू.

अशात अक्षता आली. शेजारच्या चाळीतल्या कमलताईंची ही मुलगी, इस्पितळात नर्स आहे. लहानपणी फोडणीचं तेल उडून तिच्या उजव्या गालावर बोटभर डाग राहिला. फोडणी कमलताईंच्या हातची होती, म्हणून त्या डागाचं दुःख मुलीपेक्षा आईला जास्त. लग्नाच्या वयात स्थळांना पाठवायचे फोटो गुणाजीच काढायचे आणि कमलताई न बोलता स्वतःच्या गालावर बोट ठेवायच्या. एवढ्यावर गुणाजी काय ते समजायचे आणि डाग पुसून द्यायचे. स्थळं घरी यायची, खरा गाल बघायची आणि चहा पिऊन जायची. शेवटी अक्षताने हे सगळं बंद करायला लावलं आणि जर्मन भाषेच्या वर्गाला नाव घातलं.

ड्यूटी सांभाळून ती जर्मन शिकली. बसमध्ये शिकली, भांडी घासताना शिकली, स्टुडिओच्या पायरीवर बसून मोठ्याने म्हणत शिकली. परीक्षा पास झाली. जर्मनीतल्या एका इस्पितळाने करार पाठवला. आता फक्त व्हिसा राहिला होता आणि अर्ज द्यायची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. फोटो काढायला ती आली तेव्हा निलेशने कॉम्प्युटरवरचा कोट चढवला. मागे उभे असलेले गुणाजी सवयीने म्हणाले, "तो गालावरचो काढ रे." निलेशने काढला. पाकीट कमलताई घेऊन गेल्या आणि फोटो बघून डोळे पुसत गेल्या. अक्षताने ते न उघडता फाइलमध्ये ठेवलं.

अर्जाच्या दिवशी ती ड्यूटीवरून परस्पर व्हिसा केंद्रावर गेली. दुपारी बघतो तर ती स्टुडिओच्या दारात, मागे कमलताई, दोघींचे चेहरे उतरलेले.

"काय झाला गो?" गुणाजींनी विचारलं.

"वाट लागली काका," अक्षता म्हणाली. "ती बाई पासपोर्ट बघते, मग फोटो बघते, मग माझं तोंड बघते. म्हणाली, पासपोर्टवरच्या मुलीला डाग आहे, तुम्हाला डाग आहे, मग फोटोतली ही कोण? कोटसुद्धा चिकटवलेला आहे म्हणाली. बाकी सगळे कागद बरोबर आहेत. आज बंद व्हायच्या आत खरा फोटो नेला तर अर्ज घेतील, नाहीतर नवी तारीख. आणि नवी तारीख मिळेपर्यंत तिकडचं इस्पितळ थांबणार नाही, दुसरी नर्स घेईल."

गुणाजी मटकन स्टुलावर बसले. "चुकला माझा, बाय. माका वाटला, तू बरी दिसाक व्हयी."

"ते नंतर. तुम्हीच बिघडवलंत, आता तुम्हीच फोटो काढा."

निलेश दिवे लावायला धावला आणि तिथेच अडला. अक्षताच्या अंगात ड्यूटीचा पांढरा ड्रेस, मागे पडदा पांढरा, त्यात तिचे खांदे दिसेनासे झाले. "मी कॉम्प्युटरवर कोट चढवतो ना," तो चाचरत म्हणाला.

"कॉम्प्युटरला आज हातसुद्धा लावायचा नाही," अक्षता म्हणाली. तिची नजर फिरत फिरत खिळ्यावर आली. "हा आहे की. द्या इकडे."

मित्रांनो, माझ्यावरची छत्री बाजूला झाली, धूळ झटकली गेली आणि किती वर्षांनी मी माणसाच्या अंगावर चढलो. मी तिला ढगळ होतोच. निलेश चिमटे शोधत बसला, शेवटी कमलताई घरी पळत जाऊन दोरीवरचेच काढून घेऊन आल्या. गुणाजींनी पाठीला चिमटे लावले आणि कॅमेऱ्यामागे गेले.

एवढ्यात कमलताईंचं बोट त्यांच्या गालावर गेलं. "डाग दिसेल गं," त्या हळूच म्हणाल्या. "थोडी पावडर तरी लाव."

अक्षता खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या पाठीचा ताठपणा मला कळत होता, मी तिथेच तर होतो. "आई, तिकडे मला डागासकट बोलावलंय," ती म्हणाली. "डाग नाही नेला तर आत घेत नाहीत. आता तू ते बोट खाली घे बघू."

कमलताईंनी बोट खाली घेतलं. दिवा चमकला, फोटो निघाला. गालावर डाग, कॉलरवर चट्टा, दोन्ही जागच्या जागी. निलेशने तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि पोहोचवलं. स्टुडिओत आम्ही तिघे उरलो, गुणाजी, कमलताई आणि मी. गुणाजींनी मला पुन्हा खिळ्यावर टांगलं. मग फोन वाजला. कमलताईंनी ऐकलं, "घेतला?" एवढंच विचारलं आणि खुर्चीत बसून पोटभर रडल्या.

काही आठवड्यांनी अक्षता पासपोर्ट घेऊन आली. त्यावर व्हिसा चिकटवला होता आणि व्हिसावर तिचा फोटो. तिने तो माझ्यापुढे धरला. "बघ रे, तुझी पण कॉलर आहे यात," ती म्हणाली. होती खरंच. बाळ टेलरच्या हातची कॉलर, असल्फ्याच्या चढावरून निघालेली, एका सरकारने शिक्का मारून आत घेतलेली. मला आनंदाने ऊर फुटतो की काय असं झालं, आणि आतलं अस्तर जुनं असल्यामुळे तशी भीतीही होती.

ती गेली. आता तिकडे वॉर्ड सांभाळते. गुणाजींनी तो फोटो मोठा करून काचेत लावला आहे, काही न पुसता. चढावरच्या मुली तिथे थांबतात आणि कोट आहे का म्हणून विचारत आत येतात. छत्रीसाठी निलेशने वेगळा खिळा ठोकला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, उसवलेलं शिवा, त्यांना उन्हं दाखवा. पण त्यांच्या अंगावरचे चट्टे पुसायला जाऊ नका, माणसांचे तर मुळीच नको. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. परवाच कमलताई आल्या होत्या. लेकीने भेटायला बोलावलंय, म्हणून व्हिसाचा फोटो काढायला. त्यांनी स्वतः मला खिळ्यावरून काढलं, घरून आणलेले चिमटे गुणाजींच्या हातात दिले आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "भावजी, माझ्या सुरकुत्यांना हात लावायचा नाही हं. मला पण आत जायचंय."