घासलेली काथवट

सासूबाई गेल्या, पण त्यांनी स्वतः कोरलेली फुलं चार लोकांनी बघावीत, एवढीच थोरल्या सुनेची हौस होती. म्हणून ती फुलं असलेली, पीठ मळायची लाकडी काथवट प्रदर्शनवाल्याला देण्याआधी तिने राखेने खसाखसा घासली. त्याने कपाळावर हात मारला.

“अहो वहिनी, इतक्या वर्षांचा तेलकट थर घालवलात! त्यातच तर लोककला होती. आता ही चालायची नाही.”

“घाणेरडं भांडं घराबाहेर काढलं असतं, तर सासूबाईंनी मला उभी सोलली असती! फुलं त्यांनी कोरली, मळ आम्ही साठवला. तुम्हाला मळाचंच कौतुक होतं, तर आधी बोलायचं!”

तो रिकाम्या हाताने गेला. सुनेला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिने काथवट रस्त्याकडच्या खिडकीत उभी टेकवली, फुलं बाहेरच्या बाजूला करून.