इथंच, दोन कोपऱ्यांवर

माझी धाकटी बहीण तार्जेलिया चाळीस वर्षांनी स्पेनहून आमच्या गावी, कीतोला आली, तीही एका दिवसापुरती. संध्याकाळी पाचच्या बसनं ती पुढं ग्वायाकीलला जाणार होती. तिला एकच गोष्ट पाहायची होती: मठाच्या भिंतीतलं ते गोल फिरणारं लाकडी कपाट. आई आम्हाला तिथं न्यायची, आणि त्याच्याआडून नन चेहरा न दाखवता लिंबाची मिठाई द्यायच्या.

"ताई, जन्म इथं काढलास आणि रस्ता माहीत नाही?"

"माहीत होता गं. आई असताना."

मग आम्ही विचारत निघालो. चांभार म्हणाला, "इथंच, दोन कोपऱ्यांवर," म्हणजे दोन चौक पुढं. फुलवालीनं नेमकं उलट दिशेला बोट दाखवलं, तेही दोनच कोपऱ्यांवर! आमच्या गावात "ठाऊक नाही" म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलणं. चार चढ चढून माझे गुडघे कुरकुरू लागले आणि तार्जेलिया माझ्यावरच डाफरू लागली.

"थापाडे आहात सगळे!"

तेवढ्यात एका परगावच्या जोडप्यानं मला जुन्या नाटकगृहाचा रस्ता विचारला.

"इथंच हो, दोन कोपऱ्यांवर," मी म्हणाले.

ती दोघं गेल्यावर तार्जेलियानं विचारलं, "खरंच तिथं आहे?"

"मला काय ठाऊक!"

ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते.

"बस गेली, ताई."

"जाऊ दे. घरी चल, उद्या शोधू मठ. इथंच तर आहे."